वरून एकही स्क्रू न दिसणारा डेक

डेकचं, म्हणजे उघड्यावरच्या लाकडी फळ्यांच्या ओट्याचं, माप ठरलं ३.६ मीटर बाय ४.८ मीटर. कागदावर फळ्या आखल्या, त्यांच्याखालचे वासे आखले आणि नेहमीच्या रीतीने प्रत्येक फळीला प्रत्येक वाशावर दोन स्क्रू असा हिशेब मांडला. फळ्यांच्या २५ रांगा, १३ वासे, म्हणजे वरून दिसणारे स्क्रू साडेसहाशे. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यापाशी एक बारीक खळगा असतो. त्यात पाणी मुरतं, तिथूनच फळीला चीर जाते, आणि काही वर्षांत डोकी वर येऊन तळपायाला लागायला लागतात. जुन्या डेकवर हे सगळं मी पाहिलेलं होतं. त्यामुळे वरून स्क्रू मारायचेच नाहीत हे मी आधी पक्कं केलं. लाकूड किती वाळलेलं हवं, वासे किती सपाट हवेत, फट किती ठेवायची, पहिली फळी कुठे धरायची, हे सगळं त्यानंतर त्या एका निर्णयाच्या मागोमाग ठरत गेलं.

सुतारकाम मला आवडीने येतं तेवढं येतं. सोबतीला ज्या सुतारकाकांना बोलावलं, त्यांचे हात दारं, खिडक्या आणि जिने करण्यात मुरलेले. फळीला कडेतून धरणाऱ्या धातूच्या क्लिपवर फळ्या बसवायचं काम त्यांनीही पूर्वी केलेलं नव्हतं, पण पहिल्याच दिवशी क्लिप हातात घेऊन, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "ताई, ही फळीला दाबून धरणार, पण आडवं सरकू देणार. असंच ना?" पुढचं सगळं काम त्या एका वाक्यावर उभं आहे.

स्क्रू लपवायचे मार्ग बरेच आहेत. सगळ्यात जुना मार्ग म्हणजे वरूनच स्क्रू मारायचा, पण खोल खळगा करून, आणि वर त्याच लाकडाचं बूच बसवायचं. दिसतं सुंदर, पण साडेसहाशे बुचं कापायची, रेषा जुळवून बसवायची आणि एकेक तासायचं हे संयमाचं काम. दुसरा मार्ग म्हणजे फळीच्या कडेतून तिरपा स्क्रू थेट वाशात मारायचा. त्यासाठी कोन धरून ठेवणारा साचा मिळतो. खर्च कमी, पण कठीण लाकडात कड फुटायची भीती, आणि फळी त्या स्क्रूला जखडली जाते. तिसऱ्या मार्गात वाशाच्या बाजूला लोखंडी पट्टी ठोकून खालून फळीत स्क्रू घालतात. वरची बाजू पूर्ण कोरी राहते आणि एखादी फळी बदलायची तर खालून सहज सोडवता येते. अट एकच, डेकखाली माणसाला आडवं होऊन हात चालवता यायला हवा. आमचा डेक जमिनीपासून जेमतेम हातभर उंच, त्यामुळे तो मार्ग बाद झाला. उरला चौथा, आणि आज सगळ्यात जास्त वापरला जाणारा: फळीच्या दोन्ही कडांना खाच पाडायची, त्या खाचेत स्टेनलेस स्टीलची क्लिप सरकवायची आणि क्लिपमधून स्क्रू वाशात उतरवायचा. पुढची फळी क्लिपच्या दुसऱ्या पंखावर येऊन बसते. एक क्लिप दोन फळ्यांना धरते आणि त्यांच्यामधली फटही तीच ठरवते.

मी हाच मार्ग घेतला. फळ्या सागवानाच्या, १४० मिलिमीटर रुंद आणि २५ मिलिमीटर जाड.

लाकूड उभं-आडवं सारखं हलत नाही, हे डेक करणाऱ्याने आधी नीट मनात उतरवायला हवं. लांबीत लाकूड जवळजवळ हलतच नाही. रुंदीत हलतं, आणि तेही फळी ओंडक्यातून कशी कापली त्यावर अवलंबून. वर्षवलयांना समांतर कापलेली फळी, म्हणजे जिच्या रुंद बाजूवर कमानीसारख्या रेषा दिसतात ती, वलयांना आडव्या कापलेल्या फळीच्या साधारण दुप्पट फुगते आणि आखडते. सागवान या बाबतीत फार सोशिक लाकूड आहे, म्हणून तर जहाजांच्या डेकसाठी त्याची इतकी मागणी होती. तरीही कमानीच्या रेषांची १४० मिलिमीटरची फळी घेतली आणि तिच्यातला ओलावा ६ टक्क्यांनी वाढला, तर ती साधारण दीड मिलिमीटर रुंद होते. एका फळीचा दीड मिलिमीटर काहीच वाटत नाही, पण २५ फळ्या एकमेकींना चिकटून बसवल्या असत्या तर तो मिळून साडेतीन सेंटिमीटरच्या पुढे गेला असता. तेवढ्या ताकदीपुढे कुठलाही स्क्रू टिकत नाही. एक तर फळ्या मधून उचलल्या जातात, नाही तर कडेचा वासा बाहेर ढकलला जातो.

म्हणून फळ्या आल्या तशा बसवल्या नाहीत. सावलीत, दोन फळ्यांमध्ये एकसारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून, वारा आरपार जाईल अशी थप्पी रचली. पट्ट्या एकाखाली एक अशा सरळ रेषेत हव्यात, नाही तर वाळता वाळता फळी त्या आकारात वाकते. ओलावा मोजायचं दोन टोच्यांचं यंत्र घेतलं होतं. ते फळीच्या वरच्या बाजूला टोचलं की आकडा नेहमी समाधान देणारा येतो, कारण बाहेरचा थर आधी सुकतो. काकांनी थप्पीच्या मधल्या एका फळीचं टोक चार बोटं कापून टाकलं आणि म्हणाले, "आता इथे टोचा." ताज्या कापलेल्या पोटात आकडा १७ आला, वर १२ होता. मग आम्ही थांबलो. आतला आकडा १३ च्या आसपास स्थिरावला तेव्हाच फळ्या हातात घेतल्या. या थांबण्याचा मला फार फायदा झाला, कारण याच काळात काही फळ्यांनी आपले गुण दाखवले. दोन पिळवटल्या, एक धनुष्यासारखी वाकली. पिळवटलेल्या फळ्या बाजूला काढल्या, त्यांचे तुकडे पुढे कामी आले.

खालच्या सांगाड्याकडे लोक डेक बघताना कधी पाहत नाहीत, आणि आमच्या कामातला निम्म्याहून जास्त वेळ तिथेच गेला. आमच्या मापाची एक सोय अशी की ३.६ आणि ४.८ या बाजू असतील तर कर्ण बरोबर ६ मीटर येतो. दोन्ही कर्ण टेपने मोजले, दोन्ही ६ मीटर भरले की चौकट काटकोनात. वासे ४०० मिलिमीटरच्या अंतराने, मध्ये एक तुळई घेतल्यामुळे प्रत्येक वाशाचा मोकळा पल्ला १.८ मीटर. ठेवताना वाशाची नैसर्गिक कमान वरच्या बाजूला ठेवली, म्हणजे भार आला की तो सरळ होतो.

मग आली सपाटी. वरून स्क्रू मारताना फळी जोर लावून वाशाला टेकवता येते. वासा दोन-तीन मिलिमीटर खाली असला तरी स्क्रू फळीला खेचून घेतो. क्लिप तसं करत नाही. क्लिप फळीच्या कडेला धरते, पोटाला नाही, आणि खाली पोकळी असेल तर फळी चालताना टकटक वाजते. म्हणून लांब सरळ पट्टी वाशांवर आडवी ठेवून, तिच्याखालून उजेड कुठे दिसतो ते पाहत आम्ही सगळा सांगाडा तपासला. जिथे वासा वर होता तिथे रंधा मारला, जिथे खाली होता तिथे खांबाशी पाचर सरकवून उचलला. बुरशीचं औषध मुरवलेल्या लाकडाला रंधा मारला किंवा करवत लावली की आतलं कोरं लाकूड उघडं पडतं. त्या प्रत्येक जागेवर पुन्हा औषध लावलं.

वाशांच्या वरच्या बाजूला चिकट ब्यूटाइल रबराची पट्टी लावली. स्क्रू तिच्यातून गेला की ती स्क्रूभोवती घट्ट बसते आणि पाणी भोकातून वाशात उतरत नाही. बुरशीला कुजवायला ओलं लाकूड लागतं. ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ती फारशी वाढू शकत नाही. डेकमध्ये सगळ्यात जास्त वेळ ओली राहणारी जागा म्हणजे फळी आणि वासा जिथे टेकतात ती पट्टी. वरच्या फळ्या बदलता येतात, वासा बदलायचा म्हणजे सगळा डेक उचकटायचा. लपवलेल्या क्लिपांच्या डेकमध्ये तर ते आणखीच अवघड. म्हणून या पट्टीवर हात आखडू नये असं मी कुणालाही सांगेन. शिवाय फळी थेट लाकडावर न घासता या पट्टीवर बसते, त्यामुळे कुरकुर कमी होते.

फळ्या ४.८ मीटर लांब मिळणं कठीण, मिळाल्या तरी सरळ मिळणं आणखी कठीण. आम्ही ३.२ आणि १.६ असे तुकडे केले आणि एका रांगेत लांब तुकडा डावीकडे, पुढच्या रांगेत उजवीकडे, असा सांधा बदलत गेलो. दोन्ही मापं ४०० च्या पटीत असल्यामुळे सांधा नेहमी वाशावरच येतो. पण एका वाशावर दोन फळ्यांची टोकं टेकवली की प्रत्येकीला जेमतेम दोन सेंटिमीटर आधार मिळतो आणि क्लिपला जागाच उरत नाही. म्हणून सांध्याच्या दोन्ही ओळींवर वासे जोडीने घेतले, मध्ये बोटभर अंतर सोडून. प्रत्येक टोकाला स्वतःचा वासा, स्वतःची क्लिप, आणि सांध्यातून पडणारं पाणी मधल्या फटीतून सरळ खाली.

आता खाच. कारखान्यातून खाच पाडून आलेल्या फळ्या मिळतात, पण आमच्या फळ्या कोऱ्या होत्या, त्यामुळे राऊटरवर, म्हणजे वेगाने फिरत्या पात्याने लाकूड कोरणाऱ्या हातयंत्रावर, चकतीसारखं पातं असलेलं बिट लावून ४ मिलिमीटरची खाच आम्हीच पाडली. हे काम मला सगळ्यात आवडलं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

खाचेची उंची कुठून मोजायची हा पहिला प्रश्न. मनात सहज येतं की वरची बाजू दिसणार, तर वरून मोजावं. पण क्लिप बसते वाशावर. वाशापासून तिच्या पंखाची उंची ठरलेली असते. खाचेखालचा ओठ जाड झाला तर क्लिप शिरत नाही, पातळ झाला तर फळी सैल राहते. म्हणजे माप खालच्या बाजूनेच धरायला हवं. आम्ही आधी सगळ्या फळ्या एकाच जाडीच्या रंधून घेतल्या आणि मग फळी उलटी ठेवून, राऊटरचं बूड तिच्या खालच्या बाजूवर टेकवून खाच मारली. जाडी सगळीकडे एक आणि ओठही सगळीकडे एक, त्यामुळे बसवल्यावर वरची पातळी आपोआप जुळली. आधी एका टाकाऊ तुकड्यावर खाच पाडून, त्यात क्लिप घालून, तो तुकडा खऱ्या वाशावर ठेवून पाहिला. क्लिप बोटाने ढकलली की सरकावी आणि सोडली की पडू नये, इतकी घट्ट हवी.

राऊटर चालवायची दिशाही महत्त्वाची. कड आपल्याकडे असेल तर डावीकडून उजवीकडे. त्या दिशेने पातं लाकडाला आपल्याविरुद्ध कापतं आणि यंत्र हातात राहतं. उलट दिशेने गेलं तर पातं कड धरून स्वतःच पळायला लागतं. सागवानात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात, त्यामुळे साधी पाती पटकन बोथट होतात. कार्बाइडचं टोक असलेलं बिट घ्यावं, आणि आवाज बदलला की ते काढून पाहावं. नव्या पात्याचा आवाज एकसारखा घुमतो आणि बाहेर कोरडा, मोकळा भुसा पडतो. पातं थकलं की आवाज चिरका होतो, खाचेच्या आत तपकिरी करपट रेघ उमटते आणि वासही बदलतो. काका राऊटरकडे न पाहता, मागे उभं राहून फळी पालटत असतानाच म्हणायचे, "ताई, पातं बघा." सागवानाचा भुसा नाकातोंडात जाऊ देऊ नये. अनेकांच्या त्वचेला आणि श्वासाला तो सोसत नाही. मास्क आणि चष्मा संपूर्ण वेळ.

पूर्ण लांबीची खाच पाडायची की फक्त वाशांच्या जागी, हा पर्याय असतो. फक्त वाशांपाशी पाडली तर फळीची कड जास्त भक्कम राहते आणि फटीतून खाच डोकावत नाही. पण मग खुणा चुकता कामा नयेत. आम्ही मधल्या फळ्यांना पूर्ण खाच पाडली आणि कडेच्या दोन फळ्यांची बाहेरची बाजू कोरी ठेवली. कापलेल्या प्रत्येक टोकाला मेण लावलं, कारण टोकाकडून लाकूड पाणी कितीतरी पटीने वेगात पितं आणि चिरा बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतात.

पहिली फळी बसवायला बाकीच्या दहा फळ्यांइतका वेळ द्यावा. क्लिपचा डेक पहिल्या फळीच्या मागोमाग जातो. ती वाकडी तर सगळा डेक वाकडा, आणि मध्ये कुठे सुधारायला वाव फारच थोडा, कारण फट क्लिपने ठरवून टाकलेली. आमचा हिशेब असा होता: १४० च्या २५ फळ्या म्हणजे ३५०० मिलिमीटर, त्यांच्यात ५ मिलिमीटरच्या २४ फटी म्हणजे १२०. एकूण ३६२०. चौकट ३६०० ची, म्हणजे दोन्ही बाजूंना १० मिलिमीटर फळी बाहेर येणार, तेवढीच हवी. शेवटी बोटभर रुंदीची चिंधी जोडायची वेळ येऊ नये म्हणून हा हिशेब सांगाड्याचं माप ठरवायच्या आधीच करायचा असतो. आम्ही चौकटीचं माप त्यावरूनच पक्कं केलं.

चौकटीच्या कडेवर भरवसा न ठेवता दोरी ताणली आणि पहिली फळी दोरीला लावली. तिच्या बाहेरच्या बाजूला क्लिप नसते, म्हणून तिथे बुचांचा मार्ग घेतला: गिरमिटाने खळगा, आधी बारीक भोक, मग स्टेनलेसचा स्क्रू, वर बूच. आतल्या बाजूला पहिल्या क्लिपा. इथे एक कसब आहे. क्लिपचा स्क्रू पहिल्यांदा पूर्ण आवळायचा नाही, दोन-तीन फेरे सैल ठेवायचा. पुढची फळी थोडी तिरपी धरून तिची खाच क्लिपच्या पंखात घालायची, खाली टेकवायची, जुन्या फळीचा तुकडा मध्ये धरून मोगरीने हलकेच ठोकत सगळ्या क्लिपांपर्यंत आणायची, आणि मग मागच्या ओळीचे स्क्रू आवळायचे. आधीच आवळले तर पंख खाली दबतो आणि पुढची फळी शिरतच नाही.

किती आवळायचं, हे हातालाच शिकावं लागतं. इम्पॅक्ट ड्रायव्हरने, म्हणजे ठोके देत स्क्रू फिरवणाऱ्या यंत्राने, स्टेनलेसचा बारीक स्क्रू मारणं धोक्याचं. स्टेनलेस कडक पोलादापेक्षा मऊ, जोर जास्त झाला की मान तुटते आणि तुटका दांडा नेमका क्लिपच्या भोकाखाली राहतो. आम्ही साधं ड्रिल वापरलं, त्याचा क्लच (ठरावीक जोरानंतर फिरणं सोडून देणारा भाग) खालच्या आकड्यावर, आणि वाशात आधी बारीक भोक. शेवटचे दोन फेरे हाताच्या स्क्रूड्रायव्हरने. काका माझ्या मनगटाकडे पाहत होते. "बास. आवळू नका एवढं. लाकूड आहे ते, पत्रा नाही." क्लिप ओठावर बसली, फळी हाताने उचलली जात नाही, पण कडेला हलका ठोका दिला तर अंशभर सरकते: ही बरोबर जागा.

फळी रुंदीत मोकळी हवी, पण लांबीत भटकता कामा नये. नुसत्या क्लिपांवर ठेवलेली फळी उन्हापावसाच्या फेऱ्यांत हळूहळू एका टोकाकडे सरकू शकते आणि एका बाजूचा सांधा मिटून दुसरीकडचा उघडतो. म्हणून प्रत्येक फळीला मधल्या एका वाशावर, खाचेच्या खालच्या ओठातून, तिरपा एकच स्क्रू मारला. तो पुढच्या फळीने झाकला जातो. त्या एका ठिकाणी फळी बांधलेली, बाकी सगळीकडे फक्त धरलेली.

मधल्या रांगा लवकर झाल्या. दर चार-पाच रांगांनंतर दोन्ही टोकांना चौकटीच्या कडेपासून अंतर मोजत गेलो. क्लिप फट ठरवते हे खरं, पण भुसा अडकला किंवा खाचेत कूस राहिली तर अर्धा मिलिमीटर सहज वाढतो. २४ फटींत अर्धा अर्धा मिलिमीटर साठला तर १२ मिलिमीटर होतो, आणि तो शेवटच्या फळीपाशी येऊन उभा राहतो. मोजत गेलं तर दोन-तीन मिलिमीटरचा फरक पुढच्या काही रांगांत वाटून टाकता येतो आणि डोळ्याला कळतही नाही.

वाकलेल्या फळ्या मात्र दमवतात. वरून स्क्रू मारताना एक माणूस फळी ढकलून धरतो, दुसरा स्क्रू मारतो, काम संपलं. क्लिपमध्ये फळी सरळ झालेल्या अवस्थेतच सगळ्या पंखांत शिरायला हवी. आम्ही वाशाला एक ठोकळा तात्पुरता जखडला, ठोकळा आणि फळी यांच्यात दोन पाचरी समोरासमोर घातल्या आणि आलटून पालटून ठोकत फळी सरळ केली. जास्त लांब वाक असेल तिथे पट्ट्याने ओढून घेतली. कमान मागच्या फळीकडे फुगलेली असेल तर टोकं ओढायची, टोकं मागे वळलेली आणि मध्य दूर असेल तर मध्य ढकलायचा. मध्य ढकलणं सोपं, म्हणून फळी उलटसुलट करून आधी तीच बाजू निवडायची. फार वाकलेल्या फळीशी झगडू नये. ती सरळ केली तरी मनातून वाकडीच राहते आणि क्लिपांवर कायमचा ताण देते. अशा फळ्यांचे १.६ मीटरचे तुकडे केले, लहान तुकड्यात वाक जाणवत नाही.

शेवटची फळी आत सरकवायला मागे जागा नसते आणि तिच्या बाहेरच्या कडेलाही क्लिप नसते. आतली कड क्लिपमध्ये, बाहेरची कड पहिल्या फळीसारखीच बुचांखालच्या स्क्रूवर. बुचं पिळवटलेल्या फळ्यांच्या तुकड्यांतून कापली, त्याच लाकडातून, म्हणजे रंग जुळतो. बाटलीच्या बुचासारखी गोल, टोकाला किंचित निमुळती. बुचाच्या रेषा फळीच्या रेषांना समांतर ठेवून, पाणी सोसणारा गोंद लावून बसवली. सागवान तेलकट, म्हणून गोंद लावायच्या जरा आधी खळगा आणि बूच दोन्ही स्पिरिटने पुसून घेतली. गोंद सुकल्यावर वरचा भाग पटाशीने काढायचा, पण एका घावात नाही. पहिला घाव अर्ध्या उंचीवर मारून रेषा कुठे पळते ते पाहायचं. ती खाली उतरत असेल तर दुसऱ्या बाजूने कापायचं, नाही तर बूच फळीच्या आत तुटतं.

धातूबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. क्लिपा आणि स्क्रू दोन्ही स्टेनलेसच घ्यावेत, आणि एकाच प्रतीचे. टॅनिन हे तुरट द्रव्य असलेल्या लाकडात साधं लोखंड ओलं झालं की निळसर काळे डाग उमटतात. ते ऑक्झॅलिक ॲसिडने काढता येतात, पण गंज आत चालूच राहतो. औषध मुरवलेल्या वाशांत तांब्याचे क्षार असतील तर जस्ताचा पातळ मुलामा लवकर खाल्ला जातो. गोड्या हवेत ३०४ प्रतीचं स्टेनलेस पुरतं, समुद्राजवळ ३१६ लागतं. त्यात मॉलिब्डेनम असल्यामुळे ते मिठाच्या हवेत जास्त टिकतं. वरून मारलेला स्क्रू गंजला तर दिसतो आणि बदलता येतो. लपवलेला गंजला तर फळी हलायला लागेपर्यंत पत्ताच लागत नाही.

सगळं बसवून झाल्यावर क्लिपांचा हिशेब, सांध्यांच्या जोडवाशांसकट, साडेतीनशेच्या आसपास गेला. तेल लावलं ते पातळ, आणि न मुरलेलं फडक्याने टिपून घेतलं. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात; पाण्यात भिजवून किंवा पसरून वाळवून मगच टाकावीत.

पावसाच्या दिवसांत मी फटी मोजल्या. ५ मिलिमीटरच्या बऱ्याच फटी साडेतीनवर आल्या होत्या आणि भर उन्हाळ्यात त्याच फटी जवळपास ६ झाल्या. फळ्या मनासारख्या हलल्या, आणि एकही उचलली गेली नाही. क्लिपचे पंख खाचेत इतके खोल आहेत की फट मिलिमीटरभर वाढली तरी पकड सुटत नाही. फटींत पानं आणि माती अडकते, ती मात्र वरचेवर पातळ पट्टीने काढावी लागते, कारण तिथे ओल धरून राहते. जोराच्या पाण्याचा फवारा लाकडावर मारू नये, मऊ रेषा उखडून फळी खरखरीत होते.

या पद्धतीची खरी उणीव दुरुस्तीची आहे. मधल्या रांगेतली एक फळी चिरली आणि ती बदलायची वेळ आली तेव्हा ते मला नीट समजलं. मधली फळी सरळ वर निघत नाही, दोन्ही कडा क्लिपांत अडकलेल्या. सगळा डेक एका टोकापासून उकलत जाणं हा एक उपाय. आम्ही दुसरा घेतला: गोल करवतीची खोली फळीच्या जाडीपेक्षा किंचित कमी ठेवून, फळीच्या मधून लांबीत दोन काप दिले, मधली पट्टी पटाशीने उचलली आणि उरलेल्या दोन बाजू आत ओढून क्लिपांतून सोडवल्या. तिरपा स्क्रू कुठल्या वाशावर आहे हे नोंदवून ठेवलेलं होतं, ते इथे कामाला आलं. नव्या फळीच्या एका कडेला पूर्ण खाच ठेवली आणि दुसऱ्या कडेचा खालचा ओठ कापून टाकला, म्हणजे एक कड क्लिपांत सरकवून दुसरी वरून खाली बसवता येते. पण ओठ गेल्यावर त्या बाजूला क्लिप धरत नाही, म्हणून तिथे प्रत्येक वाशावर एक स्क्रू, आणि वर बूच. एवढ्यासाठी त्याच खरेदीतल्या चार फळ्या, मूठभर क्लिपा आणि बिट मी बाजूला काढून ठेवली आहेत. क्लिपांचे नमुने बदलत राहतात, खाचेचं माप एका नमुन्याचं दुसऱ्याला चालेलच असं नाही. डेक बांधायला घेताना हे सुटे भाग पहिल्याच यादीत लिहावेत, आणि त्यांच्यासोबत वाशांचा नकाशाही.